जुनी पिकअप, रोजचा रस्ता

माझे वडील गेली तीन वर्षे १९८९ सालची महिंद्रची पिकअप चालवत आहेत. घरात आणि गावात सगळे त्यांना भाऊ म्हणतात. गाडी घेतली तेव्हा त्यांचे वय ७३ होते. ‘या वयात एवढी जुनी गाडी कशाला?’ हा प्रश्न भातकुलीत आम्हाला अनेकांनी विचारला. वाचकहो, आपल्या घरीही हा प्रश्न निराळ्या रूपात निघाला असेल. कोणाकडे जुनी स्कूटर असेल, कोणाकडे फियाट, कोणाकडे ट्रॅक्टर. आणि ती चालवण्याचा हट्ट धरणारे एखादे वडीलधारे माणूस असेल. त्या हट्टाला नुसता होकार किंवा नुसता नकार देण्यापूर्वी काय काय पाहावे लागते, ते आमच्या अनुभवावरून सांगतो.

आई गेल्यानंतर भाऊंचे शेतात जाणे कमी झाले. शेत गावापासून नऊ किलोमीटरवर. बस तिकडे जात नाही. मोटारसायकल गुडघ्यांमुळे आधीच सुटली होती. मी सकाळी अमरावतीला नोकरीवर जातो तो संध्याकाळी परततो. त्यामुळे पेरणी असो की तुरीची सोंगणी, भाऊंना कोणाच्या तरी सोयीची वाट पाहावी लागे. पुढे त्यांनी वाट पाहणेही सोडले. ते ओसरीवर बसून राहू लागले, चालणे घटले, रक्तातील साखर वाढली, बोलणे तुटक झाले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक गोळी वाढवली आणि यांना रोज घराबाहेर पडण्याचे काही कारण द्या, असेही सुचवले. ते कारण भाऊंनी स्वतःच शोधले. मूर्तिजापूरकडे एक जुनी पिकअप विकाऊ असल्याची खबर त्यांनीच आणली.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सुरक्षिततेच्या मापाने नवी गाडी केव्हाही सरस. एअरबॅग, एबीएस, अपघातात दबून धक्का शोषणारा पुढचा भाग, यांतले काहीही १९८९ च्या पिकअपमध्ये नाही आणि कितीही पैसा ओतला तरी येत नाही. आपल्याला महामार्गावर रोज जायचे असेल, तर हा लेख येथेच बाजूला ठेवावा आणि नवी गाडी घ्यावी. आमची गरज निराळी होती. घर ते शेत, शेत ते जिनिंग, महिन्यातून दोन-चारदा अमरावती. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. शिवाय भाऊ तरुणपणी जीप चालवण्यास शिकले होते. त्यांच्या हातापायांना या गाडीची भाषा ठाऊक होती. उतारवयात नवी बटणे आणि पडदे शिकण्यापेक्षा मुरलेली सवय पुष्कळांना सोपी जाते, हे आपण आपल्या घरात पाहिलेच असेल.

विकणाऱ्याने गाडीला ‘विंटेज’ म्हणून भाव सांगितला. या शब्दापासून सावध राहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ च्या जुलैमध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार विंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, खासगी वापराची गाडी. अशी नोंदणी केली की ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्या कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापरास मनाई आहे. म्हणजे जी गाडी रोज चालवायची तिला विंटेज म्हणवून घेण्यात काही लाभ नाही. ती कायद्याच्या दृष्टीने साधी जुनी गाडी आहे आणि तिला साध्या गाडीचे सगळे नियम लागू आहेत. पिकअप सहसा मालवाहू म्हणून नोंदलेली असते. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची शुल्के २०२२ पासून बरीच वाढली आहेत. महाराष्ट्रात पर्यावरण कर निराळा. भाव ठरवण्यापूर्वी हा खर्च मांडून पाहावा. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर जी बंदी आहे ती राजधानी परिसरापुरती आहे. तिचा धाक घालून कोणी आपली गाडी भंगाराच्या भावात मागत असेल तर ऐकू नये.

भाऊंजवळ परवाना हलक्या वाहनाचा. मालवाहू पिकअपला तो चालतो का, अशी मला शंका होती. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या वाहतुकीच्या हलक्या गाडीसाठी निराळी नोंद लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केले. मात्र हौद्यात माणसे बसवण्यास परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे संरक्षणही अशा वेळी हातचे जाऊ शकते. लग्नसराईत ‘भाऊ, दहा जण तर आहोत’ म्हणणारे पाहुणे येतात. त्यांना नाही म्हणावे लागते.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांच्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट. ते पिण्यास बाधते हे आपण जाणतोच. पण लोखंडालाही बाधते. बोअरच्या पाण्याने वर्षानुवर्षे धुतलेली गाडी वरून लखलखीत आणि खालून पापुद्रे सुटलेली, अशी असते. गाडी पाहण्यास गेलो तेव्हा भाऊंनी रंगाकडे पाहिलेही नाही. अंगावरचे धोतर सावरून ते सरळ गाडीखाली वाकले आणि म्हणाले, “बैल घेतानी दात पाहा लागते, अन् गाडी घेतानी पोट.” बरोबर आलेल्या मिस्त्रीने हातोडीने चेसिस ठोकत नेली. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. पाट्यांचे हुक जिथे चेसिसला जोडलेले असतात तिथे, स्टिअरिंगच्या पेटीच्या बुडाशी आणि पायाखालच्या पत्र्याला विशेष ठोकून पाहावे. इंजिन नवे करता येते, पण कुजलेली चेसिस घेऊन घरी येऊ नये. शिवाय चेसिसवर कोरलेला क्रमांक आरसी बुकातल्या क्रमांकाशी जुळतो का आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे पाहिल्यावाचून इसार देऊ नये. आता आम्ही गाडी पावसाच्या साठवलेल्या पाण्याने धुतो, किंवा मुळीच धुत नाही.

गाडी घरी आली. इंजिन प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या तंत्रावर महिंद्रने बनवलेले डिझेल. ते ठीक होते. खरा खर्च पुढे होता आणि तो खरेदीच्या किमतीहून अधिक झाला. तो कुठे करावा यावर भाऊंचे आणि माझे चार दिवस मतभेद होते. त्यांना आधी हौदा आणि रंग हवा होता. मला आधी चालवणाऱ्याचे शरीर पाहायचे होते. ७३ वर्षांच्या माणसाचे पाय, खांदे, मान, डोळे यांची ताकद किती आणि गाडी ती किती मागते, हे मोजून काम करायचे असा आग्रह मी धरला. शेवटी यादी भाऊंनीच लिहिली.

पहिले ब्रेक. अशा जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांना ड्रम असतात, आणि कित्येकींत ब्रेक ऑइलची एकच वाट असते. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक जातात. आम्ही दुहेरी वाटेचा मास्टर सिलिंडर बसवला, म्हणजे एक वाट फुटली तरी दुसरी दोन चाके धरतात. मग बूस्टर. डिझेल इंजिनात बूस्टरला लागणारी निर्वात ओढ आपोआप तयार होत नाही. त्यासाठी अल्टरनेटरला जोडलेला छोटा पंप असतो. आमच्या गाडीचा तो पंप निकामी होता. मागच्या मालकाने केवळ पायाच्या जोरावर गाडी थांबवली असावी. तरुण माणसाला ते जमते. ज्याच्या गुडघ्याची झीज झाली आहे त्याला ऐनवेळी तितका जोर लावता येत नाही, दुखण्याच्या भीतीने पाय अर्ध्यात अडतो. हे आपणास कोणी गॅरेजवाला सांगणार नाही, कारण त्याचे गुडघे चांगले असतात. एक हिशोब मात्र भाऊंनाही पटला. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते, ४० च्या वेगाने अकरा. वयाबरोबर दिसणे आणि पाय उचलणे यांतला वेळ थोडा वाढतोच. वेग कमी ठेवला तर तो वाढलेला वेळ रस्त्यात सामावतो.

दुसरे स्टिअरिंग. काळ्या मातीच्या पांदणीत जुन्या जीपचे चाक वळवणे म्हणजे खांद्याची परीक्षा. भाऊंचा उजवा खांदा पूर्वी आखडलेला होता. कंपनीने पुढे याच घाटाच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग दिले, तोच संच बसवायचे ठरवले. पण आधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अधिक ठामपणे सांगितले आहे. इंजिन आणि चेसिस यांना आम्ही हात लावला नाही. आपण काहीही मोठे बदलणार असाल तर मिस्त्रीच्या ‘चालते हो’वर विसंबू नये.

मग बसण्याची जागा. येथे जुन्या पिकअपचा एक गुण मला उशिरा उमगला. आमच्याकडे राहणाऱ्या आत्याच्या गुडघ्याचे सांधेबदल झाले आहे. ठेंगण्या मोटारीत तिला खाली खोल बसावे लागे आणि उठताना दोघांनी ओढावे लागे. पिकअपची बैठक उंच. चढता आले की बसणे आणि उठणे खुर्चीइतके सोपे. प्रश्न केवळ चढण्याचा. मिस्त्रीने अर्ध्या उंचीवर रुंद, खरखरीत पत्र्याची पायरी आणि दाराच्या खांबाला मुठीत मावेल असा दांडा लावून दिला. चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली, हा फिजिओथेरपीतला नियम आत्या मोठ्याने म्हणते आणि त्याप्रमाणे पाय टाकते. जुन्या बाकाच्या जागी पाठीला आधार देणाऱ्या सुट्या बैठका आल्या. तीन ठिकाणी अडकणारे पट्टे बसवले. त्यांचे बोल्ट पातळ पत्र्यात न ठेवता मागून जाड पट्टी देऊन पक्के केले. १९८९ च्या त्या गाडीत पट्टा नावाची वस्तूच नव्हती. पाट्यांचे झिजलेले बूश आणि शॉकअप बदलले, तरी रिकामी पिकअप उसळतेच. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला असा एक मोठा हादरा पाठीच्या मणक्याला पुरतो, म्हणून गतिरोधकावर आमची गाडी जवळजवळ थांबते आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात. वाजवू द्यावा.

मधुमेह असलेल्या वाचकांनी पुढचा भाग कृपया लक्ष देऊन वाचावा. जुन्या डिझेल गाडीत एक्झॉस्टचा पाइप पायांखालून जातो आणि मे महिन्यात, जेव्हा आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा तळपत्रा भाजण्याइतका तापतो. ज्यांच्या तळपायांची संवेदना मंदावली आहे त्यांना भाजलेले कळत नाही. घरी आल्यावर फोड दिसतो, आणि मधुमेहींच्या पायाचा फोड साधा नसतो. आम्ही तळपत्र्याखाली उष्णता अडवणारा थर दिला आणि वर जाड रबरी चटई टाकली. गाडी चालवताना चप्पल बंद; पायात घट्ट बसणारे पातळ तळव्याचे बूट. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पायाला पेडलच नीट जाणवत नसेल तर गाडी कितीही चांगली असली तरी ती चालवू नये. डॉक्टरांकडे नायलॉनच्या बारीक तंतूने तळपाय तपासण्याची साधी पद्धत असते, पाच मिनिटांची. भाऊंची ती तपासणी गाडी घेण्यापूर्वी करून घेतली होती, आता दरवर्षी होते. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चाकामागे बसू नये आणि दाराच्या खणात ग्लुकोज ठेवावे. सर्दीच्या काही गोळ्यांनी पेंग येते. त्या दिवशी गाडी उभी राहू द्यावी.

धुराचेही पाहावे. केबिनमध्ये डिझेलचा वास येत असेल तर तो जुन्या गाडीचा स्वभाव मानू नये. कुठेतरी सांधा गळतो आहे किंवा पेडलांभोवतीची रबरे फाटली आहेत. बंद शेडमध्ये इंजिन तापवत ठेवण्याची जुनी सवय भाऊंना होती, ती मोडली.

दिव्यांच्या तारा जुन्या झाल्या की विजेचा दाब मध्येच गळतो आणि दिवा पिवळा पडतो. नव्या तारा आणि रिले बसवून मूळ दिव्यांनाच चांगला उजेड आला. समोरच्याचे डोळे दिपवणारे पांढरे दिवे टाळले. टायर दिसायला चांगले असले तरी त्याच्या कडेवरचे चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आमच्या गाडीबरोबर आलेला सुटा टायर नक्षीने कोरा करकरीत होता आणि वयाने आत्याच्या नातवापेक्षा मोठा. रंगाविषयी सांगण्यासारखे काही नाही. पांढरा दिला, ऊन कमी शोषतो.

आता चालकाविषयी. वयाची ५५ वर्षे झाल्यावर परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो, आणि चाळिशीपुढे त्यासाठी डॉक्टरांचे नमुना १-अ मधील प्रमाणपत्र लागते. पुष्कळ ठिकाणी ते तपासणीवाचून सहीनिशी मिळते, हे आपणही पाहिले असेल. ते प्रमाणपत्र फाइलला पुरते, घरच्यांच्या निर्धास्तपणाला पुरत नाही. म्हणून गाडी घेतली त्याच आठवड्यात आम्ही एका कागदावर काही गोष्टी लिहून काढल्या. दर दिवाळीनंतर डोळे, पाय, मानेची वळण्याची क्षमता यांची तपासणी. महिन्यातून एकदा मी शेजारी बसून पाहणार. महामार्गावर भाऊ गाडी नेणार नाहीत. अमरावती–अकोला मार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत बनल्याचा विक्रम झाला, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण चांगल्या रस्त्यावर इतरांचा वेग वाढतो आणि आमच्या पिकअपचा वाढत नाही. कागदावरचे शेवटचे कलम भाऊंचे होते. गाडी थांबवायची की नाही हे मुलगा सांगणार नाही, डॉक्टर सांगतील. काळजीवाहू वाचकांना हे कलम मी आवर्जून सुचवतो. मुलाने ‘नाही’ म्हटले की तो अधिकाराचा वाद होतो आणि घर त्यात पोळते. फिट येणे, अचानक भोवळ येणे, नुकताच झालेला पक्षाघात, विसरभोळेपणातून ओळखीचे रस्ते चुकणे, यांत मात्र कलमांची वाटाघाट नसते. चावी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाईपर्यंत बाजूला ठेवावी.

दुसऱ्याच वर्षी या कागदाची कसोटी लागली. परवान्याच्या अर्जात एक प्रश्न असतो, की २५ मीटरवरून, दिवसाउजेडी, चष्मा लावून मोटारीच्या नंबरची पाटी वाचता येते का. ही तपासणी घरीही करता येते. दोरीने २५ मीटर मोजावेत आणि अनोळखी गाडी उभी करावी. भाऊंना डाव्या डोळ्याने वाचता आले, उजव्याने आले नाही. “माह्या डोयाले काही नाई झालं, त्या गाडीची पाटीच मयकट हाये,” असे त्यांनी जाहीर केले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांकडे चला म्हणाले. मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया अमरावतीला झाली आणि पुन्हा गाडी चालवण्यास शल्यविशारदांची लेखी संमती मिळेपर्यंत आठ आठवडे गेले. त्या काळात माझा चुलतभाऊ गाडी चालवायचा आणि भाऊ शेजारी बसून त्याला क्लचवरून पाय काढण्यास सांगत. शेत चुकले नाही एवढे मला पुरेसे होते.

औषधांची गोष्ट डॉक्टरांची. पण भाऊंची साखर आता पूर्वीच्या मात्रेत आवरते. ते रोज बांधावरून दोन फेऱ्या मारतात, गड्यांशी भांडतात, आत्याला फिजिओथेरपीसाठी नेतात. उजवा डोळा उजळला तरी समोरच्या दिव्यांची तिरीप त्यांना सोसत नाही, म्हणून यंदाच्या दिवाळीनंतर सूर्यास्तापुढे गाडी चालवायची नाही हे त्यांनी स्वतःच कागदावर वाढवून लिहिले. संध्याकाळी गाडी मला हवी असली तर मागावी लागते. चावी त्यांच्याच खिशात असते, आणि देण्याआधी ते काम विचारतात.